परदेशात सेवा करणारे मिशन-सहकारी मंडळीच्या भेटीला येतात, त्यातून काय साधतं? (पुणे)

रास्तापेठकर

सप्रेम जय ख्रिस्त.

आमच्या मंडळीच्या (चर्चच्या) मिशन फंडातून दोन कुटुंबांना दरमहा मदत जाते. एक नेपाळात शाळेच्या कामात आहे, दुसरं युगांडात दवाखान्यात. पुढच्या वर्षी दोन्ही कुटुंबं सुट्टीवर पुण्याला यायचं म्हणतात आणि त्यावरून मंडळीचा कारभार पाहणाऱ्या पास्टोरेट कमिटीत दोन तट पडलेत. काहींचं म्हणणं असं की चार-चार माणसांचा प्रवास आणि महिना-दीड महिन्याचं राहणं-खाणं एवढ्या पैशात तिकडे कितीतरी काम उभं राहील. पत्रं येतातच, व्हॉट्सअ‍ॅप आहे, झूम आहे. बाकीच्यांना भेट हवीच आहे, पण का हवी ते त्यांनाही मांडता येत नाही. "चेहरा दिसला की बरं वाटतं" याच्या पुढे बोलणं सरकत नाही.

जाणकारांनी आठवणींपेक्षा नेमकं लिहावं. भेट का, किती दिवसांची, काय ठेवायचं, कुठे फसतं. कमिटीपुढे तसंच वाचून दाखवेन.

नानापेठकर

कमिटीत आधी प्रेषितांची कृत्ये १४:२६-२८ मोठ्याने वाचा. पौल आणि बर्णबा अंत्युखियाला परतले, मंडळी जमवली, देवाने आपल्याबरोबर राहून काय काय केलं ते सांगितलं, आणि मग शिष्यांबरोबर बरेच दिवस राहिले. ते राहिले, हे शेवटचं वाक्य आपण वाचताना घाईने ओलांडतो. १३व्या अध्यायात ज्या मंडळीने हात ठेवून त्यांना रवाना केलं, तिच्याकडेच ते आले. फिलिप्पैकरांस २:२५-३० पण पाहा. फिलिप्पैच्या मंडळीची मदत घेऊन एपफ्रदीत पौलाकडे गेला, तिकडे मरणाच्या दारी पोचला, मंडळीला ते कळलं, तिचा जीव खालीवर झाला, आणि पौलाने त्याला मुद्दाम परत पाठवलं, की त्याला पाहून त्यांना आनंद व्हावा. पैसा एकीकडे आणि माणूस दुसरीकडे, अशी वाटणी तिथे दिसत नाही.

कोणीतरी भारतात आलेले इंग्रज मिशनरी विल्यम कॅरी यांचं नाव काढेलच. १७९३ साली निघाले, १८३४ साली बंगालातल्या श्रीरामपूरलाच वारले, एकदाही मायदेशी गेले नाहीत. मग आताच भेटी कशाला? याचं उत्तर पुढच्या इतिहासात आहे. इंग्लंडमध्ये त्यांना पाठवणाऱ्या बॅप्टिस्ट मिशनरी सोसायटीचे चिटणीस अँड्र्यू फुलर होते, तोवर गाडं नीट चाललं, कारण फुलर कॅरींना जवळून ओळखत होते. १८१५ साली फुलर गेले. नव्या कमिटीतल्या बहुतेकांची श्रीरामपूरच्या मंडळींशी समोरासमोर ओळख नव्हती. मालमत्ता कोणाच्या नावावर, निर्णय कोणाचा, यावरून शंका वाढत गेल्या. १८१९ ते १८२१ या काळात कॅरींचे सहकारी वॉर्ड इंग्लंड-अमेरिकेत फिरून आले, १८२६ मध्ये दुसरे सहकारी मार्शमन गेले, पण तोवर मनं फार दुरावली होती. १८२७ मध्ये श्रीरामपूर आणि सोसायटी वेगळे झाले आणि पुन्हा एकत्र यायला १८३७ उजाडलं. पत्रव्यवहार तर त्या सगळ्या वर्षांत भरपूर चालू होता!

ओवी_कॅम्प

काका, इतिहास पटला, पण झूमला इतकं कमी लेखू नका. दर महिन्याची २० मिनिटांची प्रार्थनासभा झूमवरच सर्वांत चांगली होते. नेपाळ आपल्या फक्त १५ मिनिटं पुढे आणि युगांडा अडीच तास मागे, त्यामुळे आपली रात्री साडेआठची वेळ दोघांनाही जमते. ते चालूच ठेवा. भेटीचं काम वेगळं आहे.

पत्रात आणि पडद्यावर सेवक तेच सांगतो जे सगळ्यांसमोर सांगता येतं. सहकाऱ्याशी पटत नाही, मुलगी वर्गात एकटी पडलीय, नवरा-बायकोची दोन महिन्यांत धड शांतपणे बोलणी झालेली नाहीत, हे न्यूजलेटरमध्ये कोण लिहील? आणि मंडळीकडूनही तसंच. इथे पाळक बदलले, देणारी चार घरं मुलांकडे बंगळूरला गेली, तरुण संघाला त्या कुटुंबाचं नावही माहीत नाही, हे तिकडे कोणी कळवत नाही. दोन्हीकडचं हे न लिहिलेलं बोलून व्हावं यासाठी भेट असते. त्यामुळे कार्यक्रमांची रांग लावून कुटुंबाला रोज एका सभेत उभं केलंत आणि निवांत बसायला वेळच ठेवला नाहीत, तर खर्च होऊनही हाती काही लागणार नाही, आणि मग कमिटीतल्या पहिल्या गटाचं म्हणणं खरं ठरेल.

आरोग्यसेविका

आधी तारखा ठरवा, मुलांच्या शाळा बघून. नेपाळात शैक्षणिक वर्ष वैशाखात, म्हणजे एप्रिलच्या मध्याला सुरू होतं आणि मोठी सुट्टी दसैं-तिहारची, आपल्या दसरा-दिवाळीच्या आसपास. युगांडात वर्ष फेब्रुवारीच्या सुमारास सुरू होऊन डिसेंबरच्या सुरुवातीला संपतं. म्हणजे नेपाळचं कुटुंब ऑक्टोबर-नोव्हेंबरात, युगांडाचं डिसेंबर-जानेवारीत. दोघांना एकाच महिन्यात बोलावण्याचा मोह टाळा; मंडळी मग तुलना करत बसते. नाताळच्या दोन आठवड्यांत मिशनचा कार्यक्रम ठेवू नका, कॅरोल, नाटक, केक आणि पाहुणे यांत कोणाचं लक्ष राहत नाही. युगांडावाल्यांसाठी जानेवारीचे पहिले तीन आठवडे उत्तम.

आल्यावर पहिले चार-पाच दिवस काहीही नको. पहिल्या रविवारी त्यांना उपासनेत बसू द्या, पाळकसाहेबांनी नावं घेऊन स्वागत करावं, बस. "दोन शब्द बोला" असा ऐनवेळचा आग्रह नको.

युगांडाहून येणाऱ्यांनी पिवळ्या तापाच्या लशीचं कार्ड हँडबॅगमध्ये ठेवायचं, चेक-इन सामानात अजिबात नाही. कार्ड दाखवता आलं नाही तर विमानतळावरूनच ६ दिवसांपर्यंत विलगीकरणात नेतात. लस प्रवासाच्या किमान १० दिवस आधी घेतलेली लागते. एकदा घेतली की प्रमाणपत्र जन्मभर चालतं. इथे असताना ताप आला तर "व्हायरल असेल" म्हणून थांबायचं नाही, त्याच दिवशी मलेरियाची तपासणी. तिकडचा मलेरिया परत आल्यावर काही आठवड्यांनी, कधी महिन्यांनीही डोकं वर काढतो. व्हिक्टोरिया सरोवराच्या पाण्यात उतरले असतील तर डॉक्टरांना तसं आपणहून सांगायचं, कारण तिथल्या पाण्यातून होणारा शिस्टोसोमियासिस हा कृमींचा आजार आपल्याकडे सहसा आढळत नाही आणि विचारल्याशिवाय कोणाच्या मनातही येत नाही. दात आणि डोळे तपासून घ्यायला पहिल्याच आठवड्यातली वेळ घ्या. रूट कॅनॉल निघालं तर तीन-चार खेपा लागतात, शेवटच्या आठवड्यात ते उरकत नाही.

मुलांना तिकडचे कपडे घालून स्टेजवर गाणं म्हणायला लावू नका. त्यांना विचारा; नको म्हणाली तर विषय संपला. त्यांच्या वयाच्या दोन-तीन मुलांबरोबर संध्याकाळी सारसबागेत नाहीतर क्रिकेट खेळायला पाठवा, त्यातून संडे स्कूलला मिशन जास्त कळेल.

हिशेबनीस

पैशाचं बोलतो, कारण भांडण तिथेच आहे.

एक: भेटीचा खर्च मासिक मदतीतून कापायचा नाही. मिशन फंडात "मायदेश भेट" असं वेगळं शीर्षक घाला आणि दरमहा थोडं बाजूला टाका. दर तीन वर्षांनी येणाऱ्या कुटुंबाचा प्रवास समजा १,८०,००० रुपये धरला, तर ३६ महिन्यांत महिन्याला ५,००० होतात. असं केलं की "एकदम एवढे?" हा प्रश्नच उठत नाही. अजून चार मंडळ्या त्याच कुटुंबाला मदत करत असतील तर तो वाटा आणखी कमी होतो.

दोन: रविवारच्या दानार्पणातून त्यांचं तिकीट काढायचं नाही. त्या दिवशी खास अर्पण घेणार असाल तर ते कशासाठी हे आठवडाभर आधी सूचनांमध्ये सांगा: कुटुंबाच्या निर्वाहाला, दवाखान्याला की त्यांच्या संस्थेला. पावती त्याच नावाने. बाहेर पडताना हातात पाकीट कोंबण्याची आपली प्रेमाची रीत आहे, ती थांबवता येणार नाही, पण मंडळीने दिलेली रक्कम मात्र वहीत आलीच पाहिजे. धर्मादाय आयुक्तांकडे हिशेब आपल्यालाच द्यायचा आहे.

तीन: रुपयाचा भाव. मदत रुपयांत ठरलेली असते, तिकडचा खर्च नसतो. महिना २०,००० रुपये म्हणजे ८० च्या भावाने २५० डॉलर, ९० च्या भावाने २२२. रक्कम तीच, पण तिकडे पोचताना नववा हिस्सा गळाला. सेवक हे पत्रातून मागत नाहीत, संकोच वाटतो. भेटीत खजिनदाराने आपण होऊन विचारायचं: "मागच्या भेटीपासून तिकडे खर्चात किती फरक पडला?"

चार: तुमच्या ट्रस्टने थेट परदेशी खात्यात पैसे पाठवायचा विचार करू नका. व्यक्तींना वर्षाला २,५०,००० डॉलरपर्यंत बाहेर पाठवायची जी एलआरएस सवलत आहे ती ट्रस्टला नाही, आणि ट्रस्टचं उत्पन्न भारताबाहेर खर्चलं की आयकराची सूट अडचणीत येते. त्यांची पाठवणारी संस्था भारतातली असेल तर तिच्यामार्फतच. भेटीच्या निमित्ताने हा मार्ग सीएला दाखवून एकदा तपासून घ्या.

साउंडडेस्क

नेपाळच्या कुटुंबाबद्दल फार महत्त्वाचं. तिथे धर्मांतर करवणं गुन्हा आहे. २०१८ पासून लागू असलेल्या संहितेत ५ वर्षांपर्यंत कैद आणि ५०,००० नेपाळी रुपयांपर्यंत दंड आहे, आणि परदेशी माणसाला शिक्षा भोगल्यावर ७ दिवसांत देशाबाहेर काढतात. कुटुंब शाळेचं काम प्रामाणिकपणे करत असलं तरी इथल्या एका उत्साही वाक्याचा व्हिडिओ तिकडे त्यांच्या विरोधात वापरला जाऊ शकतो. त्यांच्याहून जास्त धोका त्यांच्याबरोबरच्या स्थानिक विश्वासणाऱ्यांना.

तुमची उपासना यूट्यूबवर लाइव्ह जात असेल तर मुलाखतीच्या वेळी कॅमेरा भिंतीवरच्या क्रुसाकडे फिरवून भागत नाही, आवाज जातच असतो. नुसता मास्टर म्यूट केला तरी काही मिक्सरवर स्ट्रीमची लाइन वेगळ्या आउटपुटवर असते, ती चालूच राहते. मुलाखत आशीर्वादानंतर ठेवा आणि त्याआधी स्ट्रीम पूर्ण बंद करा. बंद झालं की नाही हे दुसऱ्या फोनवर, मोबाइल डेटावर, यूट्यूब उघडून पाहा. स्ट्रीम १५-३० सेकंद मागे चालतो, म्हणून मिनिटभर थांबा. मग माइक द्या.

फोटो: सूचनेत स्पष्ट सांगा की स्टेटसला, ग्रुपवर काही टाकायचं नाही. बाप्तिस्म्याचे फोटो पडद्यावरही नकोत. दवाखान्यातल्या रुग्णांचे फोटो त्यांच्या परवानगीशिवाय नकोत, हे युगांडालाही लागू.

बाकी तांत्रिक. १२ ते १५ फोटो पुरे, एका फोटोवर एक वाक्य तोंडी. व्हिडिओ असेल तर पेनड्राइव्हवर, नेटवरून नाही. शनिवारी संध्याकाळी त्यांच्याच लॅपटॉपवरून एकदा चालवून बघा. नव्या लॅपटॉपला टाइप-सीच असतं, आपल्या जुन्या प्रोजेक्टरला व्हीजीए. मधला अडॅप्टर चर्चच्या कपाटात असायला हवा. आवाजासाठी लॅपटॉप ते मिक्सर वायर वेगळी लागते, ती विसरली की व्हिडिओ मुका.

रास्तापेठकर

सर्वांचे मनापासून आभार, हे सगळं उतरवून घेतोय. एक भर: युगांडाच्या कुटुंबाबरोबर त्यांच्या दवाखान्यातले एक परदेशी सहकारीही आठवडाभर येणार आहेत. त्यांना एका रविवारी संदेश द्यायला सांगायचं असं पाळकसाहेबांच्या मनात आहे. चालेल ना?

हिशेबनीस

टूरिस्ट व्हिसावर येत असतील तर संदेश नको. धर्मप्रचाराच्या कामाला वेगळा मिशनरी व्हिसा असतो. ओसीआय कार्ड (परदेशी नागरिकत्व घेतलेल्या भारतीय वंशाच्यांना मिळणारं) असलं तरी २०२१ च्या अधिसूचनेनुसार मिशनरी कामासाठी खास परवानगी लागते. उपासनेला येऊन बसणं, प्रार्थना करणं, जेवणं, भेटीगाठी यात अडचण नाही. व्यासपीठावर मात्र आपलाच माणूस बोलू दे.

राहणार कोणाच्या घरी किंवा मंडळीच्या गेस्टरूममध्ये असतील तर आल्यापासून २४ तासांच्या आत यजमानाने परदेशी पाहुण्याच्या मुक्कामाची सरकारला ऑनलाइन माहिती द्यायची, म्हणजे सी-फॉर्म भरायचा. हॉटेलवाले स्वतः भरतात, घरमालक विसरतात. पासपोर्ट आणि व्हिसाच्या पानांचे फोटो पाहुणे निघण्याआधीच मागवून ठेवा.

आणि दानाची थाळी. परदेशी नागरिकाने रुपयाची नोट टाकली तरी कायद्याने ते विदेशी अभिदानच, म्हणजे परदेशी देणगी. मंडळीची एफसीआरए (परदेशी देणग्यांच्या कायद्याखालची) नोंदणी नसेल तर घेता येत नाही. असेल तर ते आधी स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतल्या खात्यातच यायला हवं. हे त्यांना आदल्या दिवशी प्रेमाने समजावून सांगा, ऐन उपासनेत हात धरायची वेळ येऊ नये. आपल्या कुटुंबाचा पासपोर्ट भारतीय आहे, त्यांनी स्वतःच्या बचतीतून दिलेलं मात्र विदेशी अभिदान धरत नाहीत.

सुमन_पिंपरी

मुलाखतीबद्दल सांगते, कारण बहुतेक ठिकाणी तिथेच पाणी मुरतं. "काम कसं चाललंय?" विचारलं की "देवाच्या कृपेने छान" हेच उत्तर येणार. प्रश्न बारीक हवेत आणि तीन दिवस आधी त्यांना द्यायला हवेत. उदाहरणार्थ दवाखान्याच्या ताईंना: "सोमवारी सकाळी ओपीडी उघडते तेव्हा रांगेत पहिल्या दहा जणांना साधारण काय झालेलं असतं?" "मागच्या भेटीच्या वेळी तुम्ही करत होतात आणि आता तिथल्या माणसाच्या हाती दिलंत, असं कोणतं काम?" "आम्ही पाठवलेल्यातलं काय तुमच्या उपयोगाला आलं नाही?" हा शेवटचा प्रश्न विचारायला मंडळी घाबरते, पण विश्वास तिथेच बसतो. एकदा का सेवकाने मोकळेपणी सांगितलं की जुने कपडे पाठवू नका, कस्टममधून सोडवून घ्यायला जास्त पैसे पडतात, की पुढची बाकी माहितीही खरी मानली जाते.

उपासनेतली मुलाखत ८ ते १० मिनिटं. मग चहा, आणि ज्यांना थांबायचंय त्यांच्यासाठी हॉलमध्ये पाऊण तास, खुर्च्या गोल मांडून. महिला संघाची सभा वेगळी ठेवा, तिथे ताईंनाच बोलवा. बरेचदा सगळे निरोप आणि आभार नवऱ्याच्या नावाने जातात आणि तिची सेवा मंडळीच्या कानावरच येत नाही.

प्रार्थनेचं कार्ड छापून घ्या, ४ बाय ६ इंच, फोटो आणि तीन विषय. नेपाळच्या कुटुंबाचं कार्ड छापायचं तर फोटो-गाव काही नाही, फक्त आद्याक्षरं.

दौंडलाइन

पुण्यातच उदाहरण असताना लांब कशाला जायचं? पंडिता रमाबाईंना मदत करायला १८८७ साली बोस्टनला रमाबाई असोसिएशन स्थापन झालं, १० वर्षांच्या मदतीचं वचन घेऊन. त्या मदतीवर १८८९ साली मुंबईत विधवांसाठी शारदा सदन उघडलं आणि पुढच्याच वर्षी पुण्याला आलं. मुदत संपत आली तेव्हा रमाबाई नुसता अहवाल पाठवून थांबल्या नाहीत, १८९८ साली स्वतः अमेरिकेला गेल्या. तोवर १८९६-९७ च्या दुष्काळातल्या मुली दौंडजवळच्या केडगावला आल्या होत्या, कामाचं रूपच पालटलं होतं. ज्यांनी विधवांच्या शाळेसाठी पैसे दिले, त्यांना हे बदललेलं काम समोर बसून समजावणं भाग होतं. असोसिएशन नव्याने बांधलं गेलं आणि मदत पुढे चालू राहिली.

तुमच्याही कमिटीने हेच विचारावं: आपण ज्या कामाला मदत सुरू केली ते काम आज तेच आहे का?

पिंपरीकर_मंडळी

एक तक्रार वजा विनंती. शहरातली मोठी मंडळी महिनाभर पाहुणे अडवून ठेवते आणि महिना ५०० रुपये देणाऱ्या लहान मंडळ्यांच्या वाट्याला "वेळ मिळाला तर येऊ" येतं. त्या ५०० मागे किती घरं आहेत ते बघा. मिझोराममध्ये बायका प्रत्येक स्वयंपाकाला मूठभर तांदूळ बाजूला काढतात, १९१० पासून. तिथल्या चर्चच्या मिशन कामाचा मोठा भार त्या मुठीवर उभा आहे. लहान देणाऱ्याला भेट आधी.

गणित सोपं आहे. सहा आठवड्यांत रविवार सहाच. पहिला आणि शेवटचा सोडा, उरले चार. मदत करणाऱ्या मंडळ्या नऊ-दहा असतील तर प्रत्येकीला रविवार मिळणार नाहीच. म्हणून पिंपरी-चिंचवड आणि खडकी मिळून एक शनिवार संध्याकाळ, येरवडा-वडगाव शेरी मिळून एक. जेवण यजमान मंडळीकडे. कुटुंबाला रोज रात्री एका घरी जेवायला नेणं बंद करा, मुलं पेंगतात.

ओवी_कॅम्प

पूर्ण सहमत. त्यात भर: आठवड्यातून एक अख्खा दिवस कोणीही फोन करायचा नाही. आणि त्यांच्या मनातलं ओझं उतरवायचं बोलणं कमिटीपुढे नको. पगार ठरवणाऱ्यांसमोर कोणी थकलोय म्हणत नाही. बिबवेवाडीला युनियन बिब्लिकल सेमिनरी आहे, समुपदेशन शिकवलेलं असं कोणी सापडतं का विचारा. निदान मंडळीबाहेरचं, गुप्तता पाळणारं माणूस हवं.

रास्तापेठकर

कमिटीसाठी कच्चा आराखडा असा केलाय, युगांडाच्या कुटुंबाचा. डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात आगमन, नातेवाईक, विश्रांती, नाताळला फक्त उपासना. जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात दात-डोळे-रक्त तपासणी. दुसऱ्या रविवारी स्ट्रीम बंद करून मुलाखत आणि पाऊण तासाची सभा. त्या आठवड्यात महिला संघ आणि बाहेरच्या समुपदेशकांकडे दोघांची स्वतंत्र वेळ. दोन शनिवारी पिंपरी आणि येरवड्याच्या एकत्र सभा. शेवटच्या आठवड्यात पाळक, खजिनदार आणि दोन वडील यांच्याबरोबर दोन तासांची बैठक, रुपयाचा भाव आणि बदललेलं काम हे दोन विषय. निरोपाच्या रविवारी हात ठेवून प्रार्थना. परदेशी सहकाऱ्यांचा सी-फॉर्म माझ्याकडे.

हिशेबनीस

बैठक शेवटच्या आठवड्यात नको, तिसऱ्यात घ्या. रक्कम वाढवायची ठरली तर पास्टोरेट कमिटीची सभा, ठराव आणि सह्या एवढं व्हायचं असतं, आणि कुटुंब इथे असतानाच आकडा त्यांच्या कानावर जायला हवा.

आरोग्यसेविका

आणि रक्ततपासणीचे रिपोर्ट परत जाताना छापील द्या, फोनमध्ये नको. तिकडच्या दवाखान्यात फाइलला लावता येतात.